लांब नाकाची लॉरी : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

आज वहीपूजन. गाडी विकून छत्तीस वर्षं झाली, तरी आमच्या घरात पाडव्याला दुकानाच्या वहीशेजारी लॉरीची जुनी वहीही मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि संध्याकाळी परत कापडात बांधून फडताळात. उघडून वाचायचं कुणाला सुचत नाही. सकाळी बेळगावातून निघताना गवळ्यांच्या म्हशी रस्त्यावर होत्या, शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरं. त्यांच्यातून बाहेर पडायलाच अर्धा तास गेला. गावी, म्हणजे संकेश्वरच्या अलीकडं, पोचेपर्यंत पूजा उरकली होती.

जेवताना धाकट्या भावाच्या पोरानं विचारलं, "काका, आपली लॉरी होती कशी?" फोटो एकच आहे, खंडेनवमीचा. हार, नारळ, लिंबं, चौदा माणसं आणि त्यांच्यामागं बॉनेट. हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, फोटोत नाहीच. ज्या भागावर घर चाललं, नेमका तोच कुठं दिसत नाही.

तेव्हा ठरवलं की लाकडाची एक छोटी लॉरी करायची. फुटाला इंच हे प्रमाण. मापं आण्णांकडून घ्यायची. आण्णा आता एक्क्याऐंशीचे. काचबिंदूनं नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. वीस वर्षं त्यांनी ही गाडी चालवली. संध्याकाळी मी फडताळात चाचपडत होतो तर बसल्या जागेवरून म्हणाले, "काय हुडकालायस?" वही म्हटल्यावर गप्प झाले.

१० नोव्हेंबर

गोठ्याच्या रिकाम्या बाजूला टेबल मांडलं. करवत, पटाशी, दोन शिकंजे, फेविकॉल. पोरगं मदतीला. कोल्हापूरकडं ट्रक म्हणतात, आम्ही लॉरी म्हणतो आणि आण्णा नुसतं "गाडी" म्हणतात. बाकीच्या सगळ्या वाहनांना नावं आहेत, जीप, मोटार, टेम्पो. गाडी मात्र एकच.

आण्णांनी सांगितलेली मापं : हौदा १७ फूट लांब, ७ फूट रुंद, जमीन रस्त्यापासून ४ फुटांवर. म्हणजे माझ्याकडं १७ इंच, ७ इंच, ४ इंच. ही मापं त्यांना एका दमात आली. बाजूच्या भिंतीची उंची विचारली तर म्हणाले, "माझ्या कानापर्यंत." उभं केलं, कानापर्यंत मोजलं. ५ फूट २ इंच. माणूस म्हातारपणी थोडा खाली येतो, म्हणून साडेपाच फूट धरले.

गाडी १९६८ ची, टाटा-मर्सिडीज १२१०. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, १२ टन. पुढचे दोन ताकदीचे, शंभर अश्वशक्तीच्या आसपास. पोरानं मोबाइलवरून टाटाचं चिन्ह काढून जाळीवर चिकटवलं. आण्णांनी बोट फिरवलं आणि उपटून काढायला लावलं. टेल्को, म्हणजे टाटांची कंपनी, आणि मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा. आमची गाडी त्याच्या आतली, म्हणून तिच्या नाकावर तीन पात्यांचा तारा होता. तो तारा उतरल्यावरच्या गाड्यांना आण्णा आजही "नवीन गाड्या" म्हणतात.

१७ नोव्हेंबर

वही उघडली. पहिली पंचवीसेक पानं मोडीत आहेत. गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांना ती वाचता येतात, त्यांना चहाला बोलावलं.

आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, १९५३ साली जुनी फार्गो घेतली तिथपासून वही सुरू होते. फार्गो, डॉज, डिसोटो ही तिन्ही नावं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची. आप्पांच्या फार्गोला पर्किन्सचं डिझेल इंजिन होतं आणि वहीत त्याच्यावरचा खर्च सोयऱ्यावरच्या खर्चासारखा सारखा येत राहतो. सुरुवातीला भाडी तंबाखूची. निपाणीच्या वखारी तेव्हा जोरात होत्या. तंबाखू संपली की गाडी उभी, म्हणून आप्पा जनावरांच्या भाड्याकडं वळले. जनावर बारमाही.

तलाठी एका पानावर थांबले. नोव्हेंबर १९५६. त्याआधी संकेश्वर आणि कोल्हापूर दोन्ही मुंबई राज्यात. १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि साठेक किलोमीटरवरचं कोल्हापूर एका रात्रीत परराज्य झालं. परमिटवर आता दुसऱ्या राज्याची काउंटरसही लागणार. त्या पानापासून वहीत दोन नवी खाती उघडलेली दिसतात, "काउंटरसही" आणि "चहापाणी". पहिलं पुढं बंद पडतं. दुसरं गाडी विकेपर्यंत चालू आहे. एका नाक्यावर तर महिन्याचं बांधूनच दिलेलं होतं, दुधाच्या रतीबासारखं. आमच्या घरात सीमाप्रश्न मोर्चातून आला त्याच्या आधी या वहीतून आला होता.

२४ नोव्हेंबर

आडवे तुळवे उलटे कापले. दिवस फुकट.

८ डिसेंबर

हौद्याच्या बाजूंत अडकलो आहे.

गेल्या रविवारी डावी बाजू जोडून झाली होती. दिसायला देखणी, पट्ट्या एका मापाच्या, मधल्या फटी सारख्या. आण्णांच्या हातात दिली. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाले, "ही कोंबड्यांची खुराडं झाली." फट किती होती म्हटल्यावर त्यांनी तीन बोटं जोडून दाखवली. ती तीन बोटं माझ्या प्रमाणात चार मिलिमीटर होतात. चार मिलिमीटरवर त्यांना काही कळेना. बोटाला कळेल असं मला करता येईना.

शेवटी आज एक वेगळाच उद्योग केला. बाजूचा एक तुकडा खऱ्या मापाचा केला, ३ फूट रुंद आणि पूर्ण उंचीचा. जुन्या दाराच्या फळ्या होत्या, त्या वापरल्या. गोठ्याच्या खांबाला बांधून आण्णांना पुढं उभं केलं.

मग माणूस बोलायला लागला.

खालचा दीड फूट बंद पाहिजे, फट नाही. मेंढराचा पाय फटीत गेला आणि गाडीनं वळण घेतलं की काडीसारखा मोडतो. त्याच्या वर तीन बोटांच्या फटी, वाऱ्यासाठी. अंगाची वाफ बाहेर पडली पाहिजे, नाहीतर हिवाळ्यातसुद्धा आतली मेंढरं घामेजतात. त्याच्या वर एकदम वीतभर मोकळी जागा, मधे काही नाही. ती कशाला? आण्णांनी दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर धरले. खिलाराची शिंगं. लांब, मागं वळून टोकाला वर गेलेली. बारीक फटी वरपर्यंत नेल्या तर बैलानं मान झटकली की शिंग अडकतं, आणि अडकलेलं शिंग सोडवायला चालत्या लॉरीत कोण चढणार? वरचा दांडा गोल, रंधा मारून गुळगुळीत, कारण कासरा त्याच्यावरून जातो.

मी बोल्ट बाहेरून आत घातले होते, नट आत. बाहेरून नीटस दिसावं म्हणून. आण्णांचं बोट पहिल्याच नटावर थांबलं. "ह्यानं कातडं फाटतंय." गोल डोकं आत, नट बाहेर. बाहेर गंजला तरी चालतो, कुणाचं अंग घासत नाही. सगळे चौदा बोल्ट उलटे केले तेव्हा दिवेलागण झाली होती.

लॉरी म्हणजे इंजिन, असंच मी आजवर धरून होतो. इंजिन टाटांनी दिलं, एकसारखं सगळ्यांना. हा हौदा मात्र मेंढरांच्या पायांनी आणि बैलांच्या शिंगांनी ठरवलेला होता, आणि त्याचा कागदावर नकाशा कधीच नव्हता. आप्पा सुताराच्या शेजारी बसून नुसतं "इथं धर, इथं कापू नको" म्हणत.

१५ डिसेंबर

खालची जमीन केली. मूळ गाडीत खानापूरकडच्या मत्तीच्या फळ्या होत्या. पुस्तकात ऐन म्हणतात, आमच्या तोंडी कानडी नाव. जड, कठीण, खिळा वाकवणारं लाकूड. मला मिळाला तो फर्निचरचा उरलेला साग. खोटेपणा आहे, पण चालवून घेतला.

मेंढराच्या मुतापुढं मात्र मत्तीही टिकत नसे. फळीफळीतून मूत झिरपून चेसिसवर पडायचं आणि लोखंड पापुद्र्यांनी सुटायचं. म्हणून आधी वाळू, वर भाताचं तूस, त्यावर उसाचं पाचट. पाय घसरत नाहीत, ओल शोषली जाते. बैल असले की पाचट दुप्पट. बैल घसरून पडला तर उठायला त्याला जागा लागते आणि लॉरीत ती नसते.

खेप टाकून गाडी परत आली की धुवायची. आमची गाडी धुवायला कधी पैसे द्यावे लागले नाहीत, उलट भांडणं लागायची. शेतकरी दाराशी येऊन बसत, "ह्या खेपेची लेंडी मला." मेंढराची लेंडी म्हणजे उसाला सोनं. ज्याचा नंबर, तो आपली माणसं लावून हौदा खरवडून, झाडून न्यायचा आणि हिरण्यकेशीवर गाडी धुऊन आणून द्यायचा. एका हंगामात आप्पांनी नंबराच्या चिठ्ठ्या काढल्याचं आण्णा सांगतात. लॉरी धुण्यासाठी चिठ्ठ्या!

वास तरीही जात नसे. परतीचं भाडं म्हणून लोखंड मिळायचं, सिमेंट, कौलं, खताची पोती. गुळाच्या व्यापाऱ्यांनी आम्हाला कधी जवळ केलं नाही. एकदा अंधारात भरलेल्या ढेपा सकाळी उतरवून घेतल्या म्हणे. तो अपमान आण्णांच्या आवाजात अजून ताजा आहे.

२९ डिसेंबर

जुने किन्नर, म्हणजे गाडीवरचे क्लीनर, मामा आले. नात्यातले नाहीत, गाडीतले. घरात कानडी, गाडीत मराठी, बाजारात दोन्ही. वहीतसुद्धा एका ओळीत "कुरी" आणि दुसऱ्या ओळीत "मेंढरं" लिहिलेलं आहे. अथणी-गोकाककडचा माल असला की कुरी, आपल्याकडचा असला की मेंढरं. जनावर तेच.

मामांचं काम रात्रीचं. जनावरांची लॉरी उन्हात चालवायची नाही, दिवस मावळल्यावर काढायची. मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तवंदी घाट उतरून निपाणी, मग कोल्हापूर, सातारा, खंबाटकी, कात्रज आणि शेवटी खंडाळा. तेव्हा एक्स्प्रेसवे कुठला. दर दोन तासांनी गाडी कडेला घ्यायची, मामांनी बॅटरी घेऊन बाजूच्या दांड्यावर चढायचं आणि बसलेलं मेंढरू हुडकायचं.

"बकरं वरडतंय," मामा म्हणाले, "मेंढरू गप मरतंय." एक बसलं की बाकीची त्याच्यावर सरकतात आणि ते तळाशी जातं, आवाज न करता. म्हणून आवाजावर विसंबायचं नाही, पाठी मोजायच्या. पाठीच्या रांगेत खड्डा दिसला की तिथं हात घालून खालचं वर ओढायचं. लोकरीत हात घातला की तो बाहेर येईपर्यंत चिकट, उबदार. मामा बोलताना हाताचा तळवा पँटीला पुसत होते. गाडी सोडून किती वर्षं झाली!

पोतं भरलं की हलत नाही. जिवंत माल हलतो. बैल एका पायावरून दुसऱ्या पायावर आला की स्टेअरिंगला कळतं, असं आण्णा म्हणतात. घाटात ब्रेक मारला की सगळं वजन केबिनच्या फळीवर येतं, म्हणून घाट गिअरवर उतरायचा. बैलांची तोंडं इंजिनाकडं. हे आप्पांनी ठरवलेलं. पुढं सरकारनं १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले त्यातही शक्यतो तोंड इंजिनाकडं असावं असंच लिहिलं आहे. त्यावर आण्णांचं एवढंच, "सरकारला आमच्या आप्पांनी सांगितलं असणार."

१९८१ ची गोष्ट दोघांनी मिळून सांगितली, एकमेकांना अडवत. मार्चमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळूर रस्त्यावरच ठाण मांडलं. तीन आठवड्यांहून जास्त. रस्त्यावर राहुट्या, चुली, हजारो माणसं. आमची गाडी मेंढरं भरून तवंदीपर्यंत गेली आणि अडकली. आण्णा खाली उतरून विचारायला गेले तर पहिल्याच राहुटीत ओळखीचा शेतकरी निघाला, ज्याची तंबाखू आप्पांनी फार्गोतून नेली होती. त्यानं भाकरी दिली, मेंढरांना पाणी दिलं आणि वाट काही दिली नाही. "तुमास्नी सोडलं तर समद्यास्नी सोडाय लागंल." आण्णांना ते पटलं. गाडी मागं वळवली, गडहिंग्लज, उत्तूर, गारगोटीवरून कोल्हापूर गाठलं. एप्रिलमध्ये तिथं गोळीबार झाला, माणसं गेली. त्या भाकरीवाल्याचं काय झालं हे मी विचारलं. तो वाचला, म्हणाले. पुढची सात वर्षं दर खेपेला गाडी त्याच्या मळ्यापाशी थांबत असे.

१२ जानेवारी २०२५

चाकं उद्यमबागेत लेथवर करून घेतली. पुढं दोन, मागं चार. कारागिरानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला माझे वडीलपण लॉरीवरच होते. बेळगावात प्रत्येक तिसऱ्या माणसाचं कुणीतरी लॉरीवर असतं असं वाटायला लागलं आहे. नट बारीक आहेत, ते पुढच्या वेळी.

२६ जानेवारी

आज आण्णांशी वाजलं.

मूळ हौद्यात एक माळा होता. मेंढरांच्या खेपेला आडव्या वाशांवर फळ्या टाकून वरचा मजला करायचा, खाली एक थर, वर एक थर. बैल भरायचे असले किंवा परतीचं भाडं असलं की फळ्या काढून केबिनमागं बांधायच्या. मी माळ्याचे वासे कापायला घेतले तर आण्णा म्हणाले, "ते नको घालू." का? "दिसाय बरं दिसत न्हाई." ज्यांना दिसत नाही ते असं म्हणाले, आणि पोरगं हसलं, आणि मग वातावरण बिघडलं.

मी हट्टानं विचारलं, मेंढरं भरायचा किती? म्हणाले, साठ. फार तर सत्तर. वही काढली. १९७२ च्या उन्हाळ्यातलं पान, दुष्काळ, चारा नाही, धनगर मिळेल त्या भावानं विकत होते. "कुरी ११२, देवनार." देवनार म्हणजे मुंबईचा कत्तलखाना. त्याच्या खाली १०८. त्याच्या खाली ११५, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "मेली ९".

हिशेब मांडून पाहिला. १७ गुणिले ७ म्हणजे ११९ चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. १९७८ च्या नियमांत चार-पाच टनी गाडीला मेंढरं किंवा शेळ्या चाळीस आणि गुरं सहा, एवढीच मुभा. २०१५ साली मोटार वाहन नियमांत नवी दुरुस्ती झाली, तिच्यात दर मेंढरामागं ०.३ चौरस मीटर आणि गाई-म्हशीमागं २ चौरस मीटर जागा ठरवली आहे. त्या हिशेबानं आमच्या हौद्यात मेंढरं ३६ आणि गुरं ५. म्हणजे ३७ वर्षांच्या अंतरानं दोन नियम झाले आणि दोघांचं उत्तर जवळजवळ एकच आलं. जागा किती लागते हे कोडं नव्हतंच कधी.

आणखी एक गोष्ट पोरानं दाखवली. १९७९ पासून वहीत नग लिहिलेलेच नाहीत. नुसतं "मेंढरं, एक खेप". नियम आल्यावर मेंढरं कमी झाली की फक्त आकडा लिहायचा बंद झाला, हे वहीवरून कळत नाही. आण्णांना विचारलं नाही. ते उठून आत गेले होते.

९ फेब्रुवारी

मधे एक रविवार गेलो नाही.

आज केबिन रंगवली. कपाळावर "आई मायाक्का प्रसन्न", डावीकडं मराठीत, उजवीकडं कानडीत. हे मूळचंच, कुठल्या आंदोलनानं सक्ती केली म्हणून नव्हे. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं होतं आणि देवीही.

आण्णा बोलत नव्हते. रंग वाळेपर्यंत काकीनं आजीची गोष्ट काढली. आजी माळकरी. दर आषाढीला पंढरपूर. तिनं आप्पांना सांगून ठेवलं होतं, भरलेली लॉरी तुळशीपुढून न्यायची नाही. म्हणून भरायचा धक्का वेशीबाहेर, चार फूट उंच मातीचा. लॉरी त्याला उलटी लावायची, मागचा फाळका धक्क्यावर टेकायचा, की मेंढरं चालत आत. फाळक्यावर आतून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, खुरांना अडावं म्हणून. धक्का आता पाण्याच्या टाकीखाली गेला.

पैशाचे डबेही दोन. बैलांच्या भाड्याचा एक, मेंढरांच्या भाड्याचा दुसरा. बैल शेतकऱ्याच्या दावणीला जायचे, त्या पैशावर चूल. मेंढरांच्या डब्यातून डिझेल, टायर, परमिट, चहापाणी. घरात खाण्यापिण्याला त्यातला एक आणा नाही. मी म्हटलं, पण टायर नसता तर बैलांचं भाडं तरी कुठून मिळालं असतं? काकी म्हणाली, "ते तिला कळत नव्हतं असं वाटतंय व्हय तुला?"

२३ फेब्रुवारी

चिंचलीला जाऊन आलो. आमच्याकडं चिंचणी म्हणतात. मायाक्काची माघातली मोठी यात्रा होऊन गेली, तरी भंडारा रस्त्यावर पिवळा पसरलेला. आण्णांच्या काळात इथून आणि खरसुंडीहून खिलाराच्या जोड्या आणायच्या, रुमालाखाली बोटं दाबून हेड्यानं, म्हणजे दलालानं, सौदा केला की तीन जोड्या एका गाडीत.

वाटेत पिकअप दिसत होत्या. केए २२, केए २३, एमएच ०९, एमएच १०. एका गाडीत एक जोडी, खाली रबराची चटई, बैलांच्या अंगावर झूल. शर्यतीचे किंवा हौसेचे बैल. नांगराचे बैल ट्रॅक्टरनं कधीच संपवले. १९८६ ला टाटा ४०७ आली आणि जो मेंढ्यांचा व्यापारी आमचं भाडं द्यायचा त्यानंच स्वतःची छोटी गाडी घेतली. दोन वर्षांत आमची लॉरी दारात उभी राहायला लागली. विकली तेव्हा तिचा हौदा वेगळा काढून घ्या, आम्हाला तो नको, असं घेणारा म्हणाला. तो हौदा पुढं जळणात गेला. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या हिवाळ्यात अंघोळीच्या पाण्याला मेंढराचा वास येतो म्हणून मी आईशी भांडलो होतो, हे आज परतताना अचानक आठवलं.

आता गुरांची वाहतूक म्हटली की कायद्याचीच चर्चा. २०१५ ला महाराष्ट्राचा बदललेला गोहत्याबंदीचा कायदा, २०२१ ला कर्नाटकाचा, मग २०२२ ला लम्पी रोगानं दोन्हीकडचे बाजार बंद. एका पिकअपवाल्यानं मला कागदांची पिशवी दाखवली. वहीपेक्षा जाड.

९ मार्च

माळा केला. सुटा, काढता-घालता येणारा, मूळसारखा. आण्णांना सांगितलं नव्हतं. पोरानं तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.

लॉरी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नाकापासून सुरुवात केली. तारा, बॉनेट, केबिनचं दार, मग हौद्याच्या बाजू. फटी आता चार मिलिमीटरच्याच, पण यावेळी त्यांनी त्या नखानं मोजल्या आणि मान हलवली. फाळका उघडला. दोन बोटं आत घातली आणि थांबले. वर लाकूड लागलं होतं.

बराच वेळ बोटं तिथंच होती. माळ्याखाली सरकवली, परत बाहेर काढली, परत सरकवली. मी तीन इंच ठेवले होते, म्हणजे तीन फूट. उभ्या मेंढराच्या पाठीवर थोडी हवा राहील, असं माझ्या मनानं धरलेलं माप.

"एवढी उंची नव्हती," ते म्हणाले. "अडीच होती. खाली घे."

वासे सोडवले. अर्धा इंच खाली घेतले. परत हातात दिली तेव्हा त्यांनी पुन्हा बोटं घातली, आता ती अडखळत गेली, आणि ते म्हणाले, "हां."

मागच्या चाकांचे नट अजून राहिलेत. कासऱ्याची कडी उजवीकडं हवी होती, मी डावीकडं लावली आहे. पुढच्या रविवारी.